तळ्यावरच्या बारा पहाटा: छोट्या खंड्याच्या एका फ्रेमसाठी

ठरवलं होतं एवढंच: छोटा खंड्या पाण्यात सूर मारतो आणि मासा घेऊन वर येतो, ती एक फ्रेम. कोवळ्या उन्हात, जमलं तर धुक्यात. जागा म्हणजे पन्हाळा तालुक्यातलं मामांच्या रानाकडेचं तळं. पाणी जेमतेम दहा-बारा गुंठे. पूर्वेला आणि उत्तरेला जुनी देवराई, तीत उंबर, जांभूळ, बेहडा, करंज. पश्चिमेला मामांचा ऊस. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पक्ष्याचा पत्ता फुटला की तिसऱ्या रविवारी काठावर दहा ट्रायपॉड उभे असतात.

कॅमेरा जुना, क्रॉप (लहान) सेन्सरचा, सेकंदाला सहा फ्रेम मारणारा. लेन्स १५०-६०० मिमीची, हप्त्यावर घेतलेली. कोल्हापुरातून मोटारसायकलनं पाऊण तास, एका बाजूला तीस किलोमीटर.

२४ नोव्हेंबर, रविवार

सूर्योदय ६:४२. मी तळ्यावर साडेसहाला, हातात कॅमेरा, अंगात निळं जर्किन, चालत थेट काठापर्यंत. आधी लाजरी पाणकोंबडी पळाली, मग दोन वंचक उडाले, मग टिबुकलीनं बुडी मारली ती पार पलीकडं निघाली. खंड्याची फक्त 'ची-ची' ऐकू आली आणि पाण्यालगत एक निळी रेघ दिसली. एकही फोटो नाही.

मामा मोटर बघायला आले होते. म्हणाले, "आरं, तू आलास म्हंजे आख्खं तळं उठलं की! कापडं बघ जरा तुझी."

मग कॅमेरा पिशवीत ठेवला आणि बांधावर दोन तास नुसता बसलो. अख्ख्या प्रकल्पातली ही सगळ्यात कामाची बैठक. ७:२० ला खंड्या परत आला आणि पूर्वेच्या काठावर, पाण्यावर झुकलेल्या करंजाच्या वाळक्या फांदीवर बसला. दुर्बिणीतून खालची चोच नारिंगी दिसली, म्हणजे मादी. नराची चोच सगळी काळी असते. दोन तासांत ती अकरा वेळा फांदीवर आली.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर

हाइड, म्हणजे लपून फोटो काढायचा आडोसा, बांधली. ग्रीन नेट ७२० रुपये, बुरुडांकडून सात बांबू ६३०, सुतळी ६०, प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल ४५०. एकूण १,८६०. करंजाच्या फांदीपासून सात मीटरवर, पूर्वेच्या काठावर, देवराईच्या सावलीत. हिशोब असा की सूर्य पाठीमागून येईल, पक्ष्यावर समोरून ऊन पडेल. कागदावर बरोबर होतं. ते किती चुकीचं निघालं ते पुढच्या नोंदीत.

त्याआधी दुसरी चूक. नेट फार हिरवीगार दिसत होती म्हणून देवराईतल्या वेली ओढून तिच्यावर टाकल्या. त्यातली एक खाजकुयलीची होती, तपकिरी लवेच्या शेंगांनी लगडलेली. पहाटेच्या अंधारात मला शेंगा दिसल्याच नाहीत. पाच मिनिटांत मान, हात, पोट पेटलं. खाजवलं की लव आणखी पसरते, पाणी ओतलं तरी शांत होत नाही. मामींनी गोठ्यातलं ओलं शेण आणून हातांना चोळलं, वाळल्यावर खरवडून काढलं. त्याबरोबर बरीचशी लव निघाली. वर बोलणीही खाल्ली: "देवाच्या रानातला येल तोडलास व्हय? आता बस खाजवत." देवराईतली वाळकी काटकीसुद्धा गावातलं कुणी उचलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी तोडली. मलमाला १८० रुपये गेले आणि दोन दिवस रात्री झोप नाही.

हाइडवर काही टाकायचंच असेल तर उसाचं वाळकं पाचट टाका. फुकट मिळतं आणि पाखरांच्या रोजच्या बघण्यातलं असतं.

८ डिसेंबर, रविवार

हाइडमध्ये शिरलो सात वाजता. उशीर. पक्षी आधीच फांदीवर होता, मला आत जाताना त्यानं बघितलं, मग साडेआठपर्यंत फिरकला नाही. आपण आत बसलेलो त्याला दिसायलाच नको, म्हणजे त्याच्या आधी जाऊन बसायला हवं. यापुढे सव्वासहाला स्टुलावर. त्यासाठी घरातून पाचला निघायचं. हंगाम चालू असल्यानं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात आणि निम्म्यांना मागे दिवाच नसतो. घाई करून या रस्त्यावर पोहोचता येत नाही.

आता उन्हाचं. सूर्योदय ६:५० चा, पण पूर्वेला देवराई उंच. ऊन पाण्याला टेकलं ७:३५ ला आणि तेही पश्चिमेच्या काठाला, उसाच्या बाजूला. झाडांची सावली पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत येते, त्यामुळे माझी फांदी, जी झाडांच्या अगदी पायथ्याशी, ती पावणेनऊपर्यंत काळोखात. समोरचा काठ सोन्यासारखा आणि माझ्यापुढं विहीर! फोनवरचं ॲप सूर्योदय सांगतं, तळ्याचा सूर्योदय सांगत नाही. तो एका सकाळी वही घेऊन बसून, दर दहा मिनिटांनी सावलीची कड कुठं आली ते मांडूनच कळतो. हे मी हाइड बांधायच्या आधी करायला हवं होतं.

१४ आणि १५ डिसेंबर

शनिवारी दुपारी हाइड उपटून नैऋत्येच्या कोपऱ्यात नेली, तोंड उत्तरेकडे. थंडीत सूर्य आग्नेयेकडून वर येतो, म्हणजे ऊन माझ्या उजव्या खांद्यावरून मागून येणार आणि पश्चिमेचा काठ सगळ्यात आधी उजळणार. नेट यावेळी तळाशी दगडांनी दाबली. आधी ती वाऱ्यानं फडफडत होती. पाखरांना नेटचं भय नसतं, तिच्या हलण्याचं असतं.

जुनी फांदी मागं राहिली, आता नवी बसायची जागा द्यायला हवी. बांधावर पडलेली जांभळाची काटकी गाळात रोवली. ट्रायपॉड हाइडमध्ये मावत नव्हता म्हणून मांडचोळण्याच्या कापडाची पिशवी शिवून घेतली (१२०) आणि तीत चार किलो ज्वारी भरली (२००). लेन्सला मऊ, भक्कम टेकू.

रविवारी पहाटे आभाळ निरभ्र, गारठा कडक. नेटच्या बाहेर डोकावणाऱ्या लेन्सवर दव पडलं. सव्वासातला बघतो तर समोरची काच दुधाळ. पुसली, पुन्हा आलं. उघड्या आभाळाखाली काच हवेपेक्षा गार होते आणि मग दव तिला सोडत नाही. हूड (लेन्सपुढची नळी) लावायचा, वरून जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळायचा आणि उजाडेपर्यंत काचेचं टोपण काढायचं नाही, हे त्या दिवशी शिकलो. लेन्स झाडायचा दोनशे रुपयांचा ब्रश काही कामाचा नाही.

पक्षी एकदाच काटकीवर बसला. मी शटर १/२५० सेकंदावर ठेवलं होतं. फोटोत तिची शेपटी सुद्धा हलली.

२२ डिसेंबर, रविवार

गेलो तर काटकी पाण्यापासून हातभर उंच झालेली आणि तिच्याखाली चिखल. शेतीची लाईट आठवडाभर रात्रीची होती, उसाला पाणी चालू होतं, तळं वीतभर उतरलं. चिखलावर तुतवार आणि करडा धोबी तुरुतुरु फिरत होते, ते फोटो मिळाले. खंड्या गेली पलीकडं.

पाणी दर आठवड्याला सरकणार, तर काठीही सरकायला हवी. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात दीड इंची पाइपचा तुकडा उभा केला. पाइपात काठी घालायची, डबा पाण्यात ठेवायचा, पाणी उतरलं की उचलून आत सरकवायचा. सिमेंट, वाळू मिळून १४० रुपये, पाइप मामांच्या अडगळीतला. डबा अठ्ठावीस किलोचा भरला. गाळात कमरेएवढ्या पाण्यात तो उचलताना चप्पल तळ्यानं घेतली ती घेतलीच.

मोटरचा आवाज पक्ष्यांना चालतो, हेही इथेच कळलं. मी उगाच मामांना "सकाळी मोटर नको" म्हणून गळ घालत होतो.

२९ डिसेंबर, रविवार

ढगाळ. काही नाही. पिशवी हाइडमध्येच ठेवली होती, दवानं भिजून ज्वारीला कोंब आले आणि शिवणीतून बाहेर डोकावत होते. मामींनी कोंबड्यांना घातली. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतून पाच किलो चिंचोके आणले, १५० रुपये. चिंचोका जड, टणक, पाणी लवकर पीत नाही, आणि खाली दाबलं की लेन्सच्या आकारात बसतो. पुढं पाच आठवडे तसाच राहिला.

५ जानेवारी, रविवार

धुकं! निरभ्र रात्र, पाणी हवेपेक्षा ऊबदार, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठून पट्टे सरकत होते. ७:०४ चा सूर्योदय, ७:४० ला पहिलं ऊन, आणि सव्वाआठला सगळं विरलं. म्हणजे कामाची वेळ अर्धा-पाऊण तास.

त्या वेळात २१२ फ्रेम मारल्या. घरी येऊन बघितलं, एकही वापरण्यासारखी नाही. ऑटोफोकस धुक्याच्या पट्ट्याला पकडत होता, पक्ष्याला नाही. काही फ्रेममध्ये शेवाळाचा एकेक धागा मोजता येतो आणि मधोमध निळा ठिपका.

त्या रात्री हिशोब मांडला. ५०० मिमी, एफ ६.३ (लेन्सचं तोंड किती उघडं, त्याचा आकडा), अंतर आठ मीटर: धार राहते सहा-सात सेंटीमीटरच्या पट्ट्यात. सोळा सेंटीमीटरचा पक्षी, पाण्यात कुठं पडेल ते त्याचं त्याला माहीत, आणि मी सहा सेंटीमीटरवर नशीब लावून बसलेलो. ४०० मिमी आणि एफ ८ केलं तर पट्टा बारा-तेरा सेंटीमीटर होतो. पक्षी फ्रेममध्ये लहान येतो, पण धारदार लहान पक्षी कापून मोठा करता येतो. ऑटोफोकस बंद, फोकस हातानं एका जागी बांधायचा. प्रश्न राहिला तो कोणत्या जागी, हा.

११ जानेवारी, शनिवार

या दिवसाची नोंद फोटोची नाही.

रात्री मामांकडे मुक्काम होता. पहाटे सव्वासहाला हाइडमध्ये बसलो, पूर्ण अंधार. थोड्या वेळानं उत्तरेच्या काठावरून पाणी ओढल्याचा आवाज आला, लांब, घोट घेत. नेटच्या फटीतून बघितलं तर अंधारात पांढरे पाय चालत होते. फक्त पाय, गुडघ्याखालचे, वर काहीच नाही. दोन जोड्या, मग तिसरी. कळायला चार-पाच सेकंद लागले की हे गवे आहेत, आणि वरचा काळा ढीग मला दिसतच नाही. अंतर पंचवीस मीटर असेल.

मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. शटर वाजलं असतं आणि मिळालं असतं ते काळं-पांढरं खरकट. श्वास नेटच्या आत धरून बसलो. ते सावकाश प्यायले, एकानं नाकातून फुर्र केलं, आणि उसाच्या कडेनं निघून गेले. माझे पाय त्यानंतरही वीस मिनिटं सरळ होत नव्हते.

तेव्हापासून अंधारात एकटा जात नाही. मामांचे गडी तात्या बॅटरी घेऊन काठापर्यंत येतात, आम्ही मोठ्यानं बोलत जातो, मग ते परत फिरतात. दबकत जाणं पाखरांसाठी चांगलं, पण समोर आकस्मिक उगवलेला माणूस गव्याला आवडत नाही. मोठ्या आवाजानं पक्षी परत यायला पंधरा मिनिटं जास्त घेतात. घेऊ देत.

१२ जानेवारी, रविवार

तात्यांनी प्रकल्प सोडवला. हाइडकडं सोडायला आले आणि डब्यातल्या माझ्या काठीकडं बघून म्हणाले, "ही तितं कशाला लावलीसा, पावणं? त्या दगडाजवळ लावा की. आमी रोज दुपारी डबं धुतोय तितं, भात पडतोय, बारकी मासळी समदी तितंच असतीया. खंड्या काय खुळा हाय व्हय, मोकळ्या पाण्यात उडी मारायला?"

सपाट काळा दगड, पश्चिमेच्या काठावर, हाइडपासून नऊ मीटरवर. सात आठवडे मी त्याच्याकडं पाहत होतो. फोटोसाठी ट्रेमध्ये मासे सोडून पक्ष्याला बोलवणारेही मी बघितलेत. मला ते पटत नाही, आणि इथं त्याची गरजही नव्हती. जेवणाचे डबे इथं वर्षानुवर्षं धुतले जातात आणि मासे जमतात ते आपल्या भातानं.

डबा उचलून दगडाच्या बाजूला, काठी पाण्यावर पाऊण मीटर उंच. तासाभरात ती येऊन बसली. पाण्याकडं बघत डोकं वर-खाली करायला लागली की पुढच्या क्षणी सूर, हे तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा दगडाच्या एका विशिष्ट कोपऱ्यालगत पडली.

१९ जानेवारी, रविवार

दगडाच्या त्या कोपऱ्यावर फोकस बांधला. १/१०००, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ६४००, एफ ८. सूर्य टेकल्यावर १/२०००.

सूर मारताना पकडायचा प्रयत्न सोडा. पाऊण मीटर खाली यायला तिला अर्ध्या सेकंदाहून कमी लागतं आणि माझं बोट तितक्यात जागं होत नाही. पाणी उसळलेलं दिसलं की शटर दाबायचं. आत गेलेला पक्षी बाहेर यायला किंचित वेळ घेतो, आणि जिथं शिंतोडा उठला तिथूनच वर येतो. नव्व्याण्णव टक्के काम या एका वाक्यात आहे आणि ते कळायला मला आठ रविवार गेले.

चार संधी मिळाल्या. दोनदा पंख अर्धे बाहेर. एकदा मासा तोंडात आणि फोकस बरोबर, पण चौकटीतून अर्धा बाहेर. चौथ्यांदा बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली फ्रेम साठवायची तात्पुरती जागा, भरला होता. चौदा बिटच्या रॉमध्ये, म्हणजे मोठ्या कच्च्या फाइलमध्ये, माझा कॅमेरा तीन सेकंदांत धापा टाकायला लागतो, आणि ती काठीवर मासा आपटत असताना मी हौसेनं तीस फ्रेम उडवून बसलो. बारा बिट केलं, जास्त फ्रेम बसतात. आणि काठीवरच्या बैठकीला दोन-दोनच फ्रेम, हे स्वतःला बजावलं.

२६ जानेवारी, रविवार

७:५२. धुक्याची शेवटची झिरझिर. तिनं तीनदा मान हलवली, पडली, मी दाबलं. सात फ्रेम. चौथी तीच: पाण्याचे थेंब माळेसारखे मागं लोंबलेले, पंख उघडे, चोचीत बोटभर मासा आडवा, आणि डाव्या पंखाचं एक पीस चौकटीला लागलेलं. ते पीस आत आलं असतं तर बरं झालं असतं. मी पुढचे दोन तास तसंच आणखी एक मिळेल म्हणून बसलो, मिळालं नाही. ती काठीवर गेली, मासा दोन्ही बाजूंना आपटून मेल्यासारखा केला, डोकं पुढं करून गिळला.

मामांना फोनवर दाखवली. त्यांनी स्क्रीन मोठी करून मासाच बघितला. "ह्यो तर आपल्यातलाच हाय की," म्हणाले.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशोब. हाइड १,८६०. काठीचा डबा १४०. पिशवी, ज्वारी, चिंचोके मिळून ४७०. मलम १८०. पेट्रोल दहा फेऱ्यांचं साधारण १,२५०. बेरीज ३,९००, चप्पल सोडून. पहाटा बारा. फ्रेम सुमारे ३,४००, ठेवल्या अकरा, दाखवण्यासारखी एक. पहिल्या दोन बैठका सावली आणि पाणी पाहण्यात घालवल्या असत्या, पूर्वेची हाइड बांधलीच नसती, तर महिनाभर वाचला असता असं वाटतं. मात्र गव्यांचे पाय मग दिसले असते का, ते सांगता येत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवड्यांनंतर आणखी काही फ्रेम मिळाव्यात म्हणून आलो होतो. सव्वाआठला काठीवर दोन खंड्ये. ती आणि दुसरा, चोच सगळी काळी. एरवी एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत. नवा आलेला पाण्यात पडला, मासा घेऊन वर आला आणि आपटून मारला. पण गिळला नाही. उलटा फिरवून डोकं पुढं धरलं, म्हणजे आपल्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. काठीवर सरकत सरकत तिच्यापर्यंत गेला आणि तिनं तो घेतला. सहा फ्रेम झाल्या, सगळ्या पुढून आणि शेवाळाच्या काळ्या पार्श्वभूमीवर. नको तितक्या चांगल्या.

तेव्हाच बांधाची एक कड आठवली, डोक्याएवढ्या उंचीची, मऊ मातीची. मार्चपासून ते तिथंच घरट्यासाठी भोक पाडायला सुरुवात करतील. मी काठावर असताना तिनं ते सोडून द्यावं, असं नको. दुपारी हाइड उचलली. नेट गुंडाळून ठेवली, बांबू मामांच्या टोमॅटोला गेले.

सिमेंटचा डबा जागचा हलला नाही. पाणी उतरल्यावर तो घट्ट रुतून बसलाय. तात्यांनी पाइपाला मोटरच्या फुटव्हॉल्वची दोरी बांधली आहे.